गच्चीची किल्ली

डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनाने गोल काढला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१. “डायबेटीस अजून घरात आलेला नाही,” ते म्हणाले, “पण दाराबाहेर चप्पल काढतोय.” मग नेहमीचं. भात कमी, गोड बंद, रोज अर्धा तास चालणं. मी विचारलं, “कधी?” त्यांना वाटलं, सकाळी की संध्याकाळी असं विचारतेय. “सकाळी उत्तम,” म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

माझा प्रश्न खराखुरा होता. मी सव्वापाचला उठते. चार डबे असतात. नवऱ्याचा, लेकाचा, माझा आणि सासूबाईंचं दुपारचं झाकून ठेवायचं ते, त्याला आम्ही डबाच म्हणतो. पाणी साडेसहाला जातं, त्याआधी मशीन लागायला हवं. आठ अठराची लोकल चुकली तर पुढच्या गाडीत ठाण्यापर्यंत एका पायावर उभं राहावं लागतं. ऑफिस फोर्टात. संध्याकाळी घराची कडी वाजवते तेव्हा पावणेआठ झालेले असतात, आणि दार उघडणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, “आज काय आहे जेवायला?” यात अर्धा तास कुठून काढायचा, हे मी मुंबईतल्या कुठल्याही टाईमटेबल बनवणाऱ्याला आव्हान देऊन विचारायला तयार आहे.

तरी त्या जानेवारीत मी जिम लावली. स्टेशनकडून घरी येताना वाटेत होती. वर्षाची फी एकदम भरली तर सूट, म्हणून १४,००० रुपये भरले. काचेच्या भिंतीमागे ओळीने ट्रेडमिल, वर टीव्ही, आणि माझ्या लेकाच्या वयाचा एक ट्रेनर, जो मला ‘मॅम’ म्हणायचा आणि माझ्या गुडघ्यांकडे बघून काळजीत पडायचा. बायकांसाठी वेगळी बॅच होती, दुपारी बारा ते चार. त्या वेळेत डोंबिवलीतल्या नोकरदार बायका कुठे असतात, हे वेळापत्रक करणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. मी संध्याकाळच्या गर्दीत जायचे, मशीन मोकळं होण्याची वाट बघत पर्स कवटाळून बसायचे, आणि मनात कणीक भिजवायचे. अकरा वेळा गेले. हिशेब केला तर एका खेपेला पावणेतेराशे रुपये पडले. एवढ्या पैशात मी खंडाळ्याला जाऊन, चालून, वडा खाऊन परत आले असते.

पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. जिमला जायचं म्हणजे कपडे बदला, बूट घाला, जा, या, अंघोळ करा. तीस मिनिटांच्या व्यायामाला दीड तासाचं नेपथ्य. आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. “आज पण चाललीस?” हे वाक्य कुणी वाईट मनाने म्हणत नाही, पण ‘पण’वर जोर असतो.

मग सुरू झाला तुकड्या-तुकड्यांचा काळ. हल्ली सगळीकडे हाच सल्ला मिळतो आणि तो अगदीच पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पूर्वी त्यात एक अट होती, निदान दहा मिनिटं सलग हवीत. २०२० च्या नव्या सूचनांमध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे जिना चढलात, धरा. गाडी पकडायला धावलात, धरा. हे वाचून मला भिशी लागल्यासारखा आनंद झाला. आयुष्यभर मी सुट्ट्या पैशात व्यायाम करत आले होते, फक्त कुणी तो जमेला धरला नव्हता!

मी मोजायला लागले. आमची बिल्डिंग तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्यावर. एका मजल्याला १८, म्हणजे घरापर्यंत ५४ पायऱ्या. स्टेशनचा पूल वेगळा. सीएसएमटीहून ऑफिसला मी शेअर टॅक्सीने जायचे, ते बंद केलं. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या त्या जुन्या कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत गेलं की ऊन लागत नाही, पाऊसही फारसा लागत नाही. बारा-तेरा मिनिटं. संध्याकाळी उलट. त्यासाठी एकच खर्च केला, १,२०० रुपयांचे बूट. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चपला ठेवल्या आणि साडीखाली बूट घालून चालायला लागले. पहिले दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की फोर्टात साडेनऊला कुणी कुणाच्या पायाकडे बघत नाही.

जिन्यांबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती, १९५३ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. एकच बस, एकाच थरातली माणसं, तशीच वस्ती. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये स्पष्टपणे कमी. पुढे याच मॉरिस यांनी दोघांच्या युनिफॉर्मची मापं काढून बघितली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कामावर रुजू होतानाच कमरेत मोठ्या होत्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. स्वतःच्याच आवडत्या निष्कर्षाला असं खिंडीत गाठणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. तरीही त्यानंतर माझ्या हातातली पिशवी जड असली की मी मनात म्हणायचे, चढ, तू कंडक्टर आहेस.

फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप टाकलं. रोजचा आकडा सहा-साडेसहा हजारांवर अडकायचा आणि रात्री दहाला फोन मला हिणवायचा. मग कळलं की दहा हजारांचं हे लक्ष्य कुठल्या वैद्यानं सांगितलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं-मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा गोल, कानाला बरा, जगभर गेला. पुढे अमेरिकेत सत्तरीच्या आसपासच्या हजारो बायकांवर अभ्यास झाला, त्यात साडेचार हजारांच्या जवळपासच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसायला लागला होता आणि साडेसात हजारांनंतर आलेख सपाट झाला होता. मी ॲपची ती रात्रीची सूचना बंद केली. झोप सुधारली.

तर चालणं जमलं. पण स्वयंपाकघरातला व्यायाम मात्र जमला नाही, आणि का जमला नाही हे कळायला मला दोन महिने लागले.

सल्ला असा असतो: कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून बैठका काढा. पोळी भाजताना टाचा वर-खाली करा. भांडी घासताना पोट आत घ्या. मी सगळं केलं. पहिल्या शिट्टीला पाच बैठका झाल्या की लेक यायचा, “आई, माझा पांढरा शर्ट?” दुसऱ्या शिट्टीला सासूबाई देवघरातून, “अगं, वाती संपल्यात का?” तिसऱ्या शिट्टीला मी कुठे होते तेच विसरलेली असायचे. एकदा टाचा वर करून पोळी उलटताना मनगट तव्याला लागलं. अजून डाग आहे, छोटी वेलांटी काढल्यासारखा. मी स्वयंपाकघरात उभी आहे म्हणजे मी मोकळी आहे, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं, आणि कधी कधी मलाही.

इथे मला आजोबा आठवतात. आईचे वडील आटपाडीचे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे वेडे. १९०९ ते संस्थान विलीन होईपर्यंत त्यांची कारकीर्द, आणि त्यांनी शाळाशाळांतून नमस्कार सुरू केले. आजोबा त्या शाळेतले. ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘ॐ भास्कराय नमः’पर्यंत बारा नावं त्यांच्या तोंडून मी झोपेत ऐकली आहेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत रोज पहाटे पडवीत घोंगडी अंथरून पंचवीस नमस्कार. ना पैसा, ना साधन, सहा फूट बाय दोन फूट जागा. स्वस्त व्यायामाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही आणि माहेरी कुणाच्याही तब्येतीचा विषय निघाला की आजोबांची गोष्ट निघतेच.

त्या गोष्टीत आजी नसते. मी मुद्दाम आठवून बघितलं. आजोबा नमस्कार घालत तेव्हा ती बंबात लाकडं सारत असे. नमस्कार संपायचा आणि पाणी कढत व्हायचं, दोन्ही एकाच वेळी, इतका तिचा अंदाज पक्का होता. त्यानंतर दूध, मग झाडलोट, मग आडावर. “तुझ्या आजीला काय गरज व्यायामाची, दिवसभर राबत होती,” असं सगळे म्हणतात. हल्ली तर जातं, पाटा-वरवंटा, आडाचं पाणी यांवर हळवं होऊन लिहायची पद्धतच पडली आहे. जुन्या बायका बघा कशा काटक! माझी आजी साठीतच कमरेत वाकली होती. दोन्ही गुडघे बाहेर वळलेले. शेवटी शेवटी भिंतीला हात लावत चालायची आणि चुना तिच्या तळहाताला लागलेला असायचा. आजोबा मात्र ताठ.

काम आणि व्यायाम यांतला फरक त्या दोन पाठींत मला दिसतो. तिने कष्ट कमी केले म्हणून ती वाकली, असं नाही. तेच ते, एकाच बाजूने, थकलेल्या अंगाने, थांबायची मुभा नसताना केलं. आजोबांच्या नमस्कारात पाठ पुढे जाते तशी मागेही जाते, हात ताणले जातात, श्वास भरून घ्यायला वेळ असतो. आणि त्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नसे.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी देशोदेशीच्या हालचालींचा अंदाज मांडला. त्यात भारतातल्या प्रौढांपैकी निम्मे लोक पुरेशी हालचाल करत नाहीत, असं निघालं. पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. मी हे ट्रेनमध्ये मैत्रिणींना वाचून दाखवलं तेव्हा चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली, मांडीवर गवार निवडणारी आमची एकजण म्हणाली, “हे मोजणाऱ्याला म्हणावं, ये माझ्या घरी.” सगळ्याजणी हसल्या. पण अशा मोजणीत घरकाम धरलेलं असतं. फक्त ते दम लागेल असं असावं लागतं. मध्यम व्यायामाची सोपी कसोटी अशी की करताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. मी घरी करून पाहिलं. भाजी चिरताना गाता येतं. इस्त्री करताना येतं. भांडी घासताना तर मी दोन कडवी सहज म्हणते. स्टेशनच्या पुलावर मात्र पहिल्याच ओळीत आवाज गेला. दिवसभर मी दमत होते, हे खरं. दम लागत नव्हता, हेही खरं.

म्हणजे मला लागत होती ती १५० भागिले सात, बावीस मिनिटं. घराच्या बाहेर, कुणाच्या हाकेच्या टप्प्यात नसलेली. आणि फुकट.

आमच्या घराच्या वर १८ पायऱ्यांवर गच्ची आहे. तिला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. पूर्वी पोरं पतंग उडवायला जायची आणि वॉटरप्रूफिंगचं नुकसान झालं, तेव्हापासून गच्ची ही फक्त टाकी, डिश आणि कावळे यांच्यासाठी राखीव. मी किल्ली मागितली तर काका म्हणाले, अर्ज द्या. दिला. ‘विषय: व्यायामासाठी गच्ची वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.’ वीस वर्षं ऑफिसात मी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारत आले, स्वतःसाठी एवढा मनापासून अर्ज पहिल्यांदाच लिहिला. मीटिंगमध्ये त्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. लीकेजच्या विषयाला पंधरा मिळाली होती. कुणी पडलं तर जबाबदार कोण? खालच्यांना आवाज येईल का? (वरच्या मजल्यावर मीच राहते, हे मी दोनदा सांगितलं.) एकांनी महिना शंभर रुपये चार्ज सुचवला. शेवटी पहाटे साडेपाच ते सहा, स्वतःच्या जबाबदारीवर, किल्लीची नक्कल स्वखर्चाने, असं ठरलं. नक्कल तीस रुपयांत झाली. वर्षभराच्या जिमची फी.

सोसायटीपेक्षा घरची मीटिंग अवघड गेली, कारण ती झालीच नाही. मी एका रविवारी रात्री नुसतं सांगितलं की उद्यापासून साडेपाच ते सहा मी वर असेन आणि कुकर तुम्ही लावायचा. नवरा म्हणाला, “हो, त्यात काय. फक्त मला सांगून जा, काय काय करायचं ते.” मला वाटतं, या वाक्याचा अर्थ समजायला पुरुषांना वेळ लागतो. डाळ किती, तांदूळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती हे रोज सांगायचं तर मीच लावला की कुकर. पहिल्या आठवड्यात जिन्यातून हाका आल्या. “अगं, मोहरी कुठेय?” मग मी फोन खालीच ठेवायला लागले आणि गच्चीचं दार ओढून घ्यायला लागले. दोन दिवस डाळ कच्ची राहिली. एक दिवस खिमट झालं. चौथ्या आठवड्यापासून नीट होते आहे. मोहरी जिथे होती तिथेच आहे.

वर काय करते, तर फार काही नाही. कठड्याच्या कडेने फेरी मारली की ४० पावलं होतात, तशा पाच-सहा मिनिटं झपाझप फेऱ्या. मग नमस्कार. पहिल्या दिवशी तिसऱ्या नमस्काराला मी पालथी पडून राहिले. फरशीचा गारवा गालाला लागत होता, शेजारून मुंग्यांची रांग चालली होती, आणि मनात आलं की दिवसाच्या या वेळेला मी किती वर्षांनी आडवी आहे. आता बारा होतात, सहा-सात मिनिटांत. भुजंगासनात छाती वर उचलताना बांगड्या फरशीवर खणखणतात, म्हणून त्या खाली काढून ठेवते. सासूबाईंना ते आवडत नाही. त्या बोलत नाहीत, बांगड्या देवापुढे ठेवून देतात.

वजन घेऊन बैठका काढायचं मला उशिरा सुचलं. आठवड्यातून दोनदा स्नायूंना वजन द्यायचं, असंही जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या सूचनांमध्ये आहे आणि चाळिशीनंतरच्या बाईला ते चालण्याइतकंच गरजेचं, कारण स्नायू आणि हाडं दोन्ही उतरणीला लागलेली असतात. डंबेल्सचे भाव बघितले आणि पान बंद केलं. पाण्याच्या बाटल्या घेतल्या, पण एक लिटर म्हणजे एक किलो, त्याहून जड दळण मी दर आठवड्याला तीन मजले चढवते. मग लेकाचं दहावीचं दप्तर सापडलं, गाईडं आणि अपेक्षित प्रश्नसंचांसकट. रद्दीवाल्याच्या काट्यावर साडेसात किलो भरलं. तो वीस रुपये किलोने न्यायला तयार होता, मी नाही दिलं. आता ते पाठीला लावून टाकीच्या कठड्यावर टेकायचं आणि उठायचं, दहा-दहाचे दोन डाव. लेक एकदा बघून गेला आणि म्हणाला, “आई, त्यातलं भूमितीचं काढ, ते सगळ्यात जड आहे.”

पावसाळ्यात गच्चीला शेवाळ धरलं आणि सेक्रेटरीकाकांच्या आधी मीच कुलूप लावलं. तेव्हा जिना. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत ७२ पायऱ्या, चार खेपा. चढताना भरभर, उतरताना कठडा धरून सावकाश, कारण गुडघे उतरतानाच बोलतात. पेपरवाला, दूधवाला आणि मी, आमची तिघांची पहाटेची ओळख झाली. दूधवाला म्हणतो, “काकू, तुम्ही चढताच आहात तर वरच्या दोन पिशव्या नेता का?” नेते. वजन आहे ते.

चार महिन्यांनी रिपोर्ट ५.९ आला. वजन अर्धा किलो उतरलं, ते गणपतीत परत आलं. डॉक्टर म्हणाले, “छान. चालताय ना?” मी म्हटलं, “बैठका काढते.” त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून बघितलं.

गणपतीनंतर गच्ची पुन्हा सुरू केली, तेव्हा एका सकाळी दारात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या. अडुसष्ट वर्षांच्या, हातात प्लास्टिकची खुर्ची. मी धावत जाऊन खुर्ची घेतली. “कशाला आणलीत एवढी वर?” तर म्हणाल्या, “फिजिओने सांगितलंय, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. घरी हे बघत बसतात नि मोजतात. मला नाही आवडत.” मी टाकीजवळ, त्या दाराजवळ, पाठीला पाठ असल्यासारख्या आम्ही आपापलं करतो. फारसं बोलत नाही. त्या पाचवर होत्या, आता आठ होतात.

परवा त्यांच्या सातव्याला खालून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग बऱ्याच वेळाने तिसरी, आणि लगेच चौथी. मी दप्तर पाठीवर घेऊन अर्धी वाकलेली, आपसूक थांबले आणि कान दिला.

“आमचाच आहे,” काकू खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या. “बघू या, ह्यांना बंद करता येतोय का.”

पाचवी झाली. काकू परत बसल्या, आठव्यासाठी.